ऊसट्रॉलीचा तोच टायर पुन्हा पुन्हा का जातो? भरलेल्या ट्रॉलीची हवा कशी ठरवायची

कारखान्याचा बॉयलर पेटला की महिन्याभरात पलूस, कुंडल, ताकारी पट्ट्यातून एकच तक्रार आमच्या टायरच्या दुकानात येऊ लागते: ट्रॉलीचा डावीकडचा मागचा टायर परत गेला. नवा टाकला तरी गेला, रिसोल (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टाकला तरी गेला, कंपनी बदलून पाहिली तरी गेला. मालक टायरला दोष देतो, ड्रायव्हर रस्त्याला देतो, आणि हवा मारणारा पोरगा म्हणतो, "आण्णा, मी नेहमीएवढीच मारली होती." घोटाळा बहुतेक वेळा या 'नेहमीएवढी'तच सापडतो.

नुसती टायरची साइज बघून हवा ठरत नाही. त्या चाकावर प्रत्यक्षात किती वजन पडतंय त्यावर ती ठरते. शेजारच्या ट्रॉलीत ९० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) चालते म्हणून आपल्या ट्रॉलीत ९० मारायची, हे बंद झालं तरी निम्मे टायर वाचतील. खाली तपासण्या दिल्या आहेत त्या फुकटपासून खर्चिकपर्यंत अशा क्रमानं आहेत. त्याच क्रमानं करा. बेअरिंग खोलायला सांगणारे पुष्कळ भेटतात, पण आधी गेज लावून बघा म्हणणारा क्वचित भेटतो.

लक्षणं

हवा कमी असेल तर टायर नक्षीच्या दोन्ही कडांना झिजतो आणि मधली नक्षी शाबूत राहते. हवा जास्त असेल तर उलटं, मधला पट्टा घासतो. एकाच बाजूची कड झिजत असेल तर ते हवेचं काम नाही, आस (अ‍ॅक्सल) वाकलाय किंवा चाक तिरकं चालतंय. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजला असेल तर बेअरिंग ढिलं असण्याची शक्यता जास्त.

व्हॉल्व्ह सरळ उभा न राहता एका बाजूला कलला असेल तर ते नीट बघा. कमी हवेवर भरलेली ट्रॉली ओढली की टायर डिस्कवर (चाकाच्या लोखंडी रिमवर) हळूहळू सरकतो, बरोबर ट्यूबलाही ओढतो, आणि व्हॉल्व्ह मात्र डिस्कच्या भोकात अडकून राहतो. मग एक दिवस ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. अशी फाटलेली ट्यूब घेऊन आलेला माणूस हमखास सांगतो की ट्यूबचा माल खराब होता. माल चांगला असतो, हवा कमी असते.

आणखी दोन खुणा आहेत. टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, गोल फिरणारी बारीक भेगांची रेघ दिसणं, आणि खेप संपल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असणं. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर मागच्या ट्रॉलीकडे जास्त लक्ष द्या. पुढच्या ट्रॉलीचा टायर बसला तर ड्रायव्हरला ओढ जाणवते. मागचीचा बसला तर दोन-तीन किलोमीटर पत्ताच लागत नाही, आणि तेवढ्यात टायर आतून खलास होतो.

पहिली तपासणी: गेज आणि गार टायर

याला पैसा लागत नाही, फक्त वेळ साधावी लागते. टायरच्या गालावर छापलेला हवेचा आकडा गार टायरसाठी असतो. गार म्हणजे किमान तीन तास उभा, तोही उन्हात नाही. चालून आलेल्या टायरची हवा मोजली तर आकडा फसवतो. साधा हिशोब असा: ९० पीएसआयच्या टायरचं तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण साडेतीन पीएसआय वाढतो. पहाटे फडात उभ्या ट्रॉलीत ९० असतील, तर दुपारी रस्त्यावर तापल्यावर त्याच टायरमध्ये शंभर दाखवतील. तो वाढीव दाब टायर बनवतानाच धरलेला असतो.

म्हणून तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नका. मार्च-एप्रिलच्या उन्हात ड्रायव्हर गेज लावतो, शंभर बघून घाबरतो, दहा पीएसआय सोडून देतो. रात्री टायर गार झाला की आत उरतात ऐंशी. दुसऱ्या दिवशी भरलेली ट्रॉली त्या ऐंशीवर निघते, कालच्यापेक्षा जास्त तापते, आणि ड्रायव्हर परत हवा सोडतो. असं चार दिवस चाललं की टायर जातोच.

हंगामात ट्रॉली तीन तास उभी कुठे राहते, असं कुणी विचारेल. कारखान्याच्या गाडीतळावर राहते. नंबर लागेपर्यंतचा तो वेळ हवा मोजायला उत्तम. ट्रॉली भरलेली आहे म्हणून आकडा चुकत नाही. टायरवर वजन आलं की टायर दबतो, पण आतला दाब जेमतेम बदलतो. 'माल भरला की हवा आपोआप वाढते' हा समज मनातून काढून टाका. माल भरल्यावर दाब वाढत नाही, दाबाची गरज वाढते.

गेज स्वतःचं घ्या. मोटरसायकल-कारचं ६० पर्यंतचं गेज इथे चालत नाही, ट्रकचं लागतं. कॉम्प्रेसरच्या पाइपला लावलेलं, दहा वेळा जमिनीवर आपटलेलं गेज पाच-दहा पीएसआयनं चुकलेलं असणं रोजचं आहे. आपलं गेज दुसऱ्या एका चांगल्या गेजशी ताडून बघा, आणि मग कायम तेच वापरा. लाथ मारून किंवा पान्यानं ठोकून हवा बघण्याची पद्धत या टायरांना लागू पडत नाही. सोळा प्लायचा (प्लाय म्हणजे आतल्या थरांच्या ताकदीचा आकडा) गाल इतका ताठ असतो की साठ आणि नव्वद हाताला, कानाला सारखेच लागतात.

दुसरी: व्हॉल्व्ह

गार टायरमध्ये आकडा बरोबर भरला, दोन दिवसांनी गार असतानाच परत मोजला आणि कमी आला, तर गळती आहे. आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्हच्या आतली पिन घट्ट करा, तरी थांबले नाहीत तर पिन बदला. पिन दहा-वीस रुपयांचं काम आहे, आणि तिच्यासाठी आख्खा टायर खोलून घेणारे लोक दर हंगामात दिसतात.

टोपण लावाच. काळ्या रानात पाणी पाजलेल्या फडातून ट्रॉली बाहेर काढली की व्हॉल्व्हवर चिखल बसतो. टोपण नसेल तर तोच चिखल पुढच्या वेळी हवा मारताना पिनेत जातो.

तिसरी: गालावर काय लिहिलंय ते वाचा

कापडानं गाल पुसा आणि बॅटरी धरून वाचा. साइज, उदाहरणार्थ ७.५०-१६ किंवा ९.००-१६. मग प्लाय रेटिंग. एकाच साइजचे टायर वेगवेगळ्या प्लायमध्ये मिळतात आणि त्यांची ताकद वेगळी असते, म्हणून नुसती साइज सांगून हवा विचारू नका. मग लोड इंडेक्स, म्हणजे वजनाचा सांकेतिक आकडा: १२२ असेल तर एका टायरवर १,५०० किलो, १३० असेल तर १,९००, १३५ असेल तर २,१८० आणि १४० असेल तर २,५०० किलो. त्याच्यापुढचं अक्षर वेगाचं. ए८ म्हणजे ताशी ४० किलोमीटर. त्याहून जोरात पळवलं तर वरचं वजन त्या टायरला झेपेल असं कंपनी म्हणत नाही.

बऱ्याच टायरांवर जास्तीत जास्त वजन आणि त्यासाठीचा गार दाब सरळ छापलेला असतो. दाब केपीएमध्ये असेल तर ६.९ नं भागा. ६२० केपीए म्हणजे ९० पीएसआय. हे दोन आकडे जोडीनं वाचायचे. २,१८० किलोचा टायर २,१८० किलो तेव्हाच उचलतो, जेव्हा आत सांगितलेला दाब पूर्ण असतो. दाब कमी केला की त्याची वजन पेलण्याची ताकदही कमी होते.

शेवटी तारखेचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे पण टायर सात-आठ वर्षांचा आहे आणि गालाला उन्हाच्या भेगा आहेत, अशा टायरला हवेचा कुठलाच आकडा वाचवणार नाही.

एका आसावर दोन चाकांना दोन तऱ्हेचे टायर असतील, एक रेडियल आणि एक नायलॉन, किंवा एक सोळा प्लायचा आणि एक चौदाचा, तर ते आधी सरळ करा. तोपर्यंत पुढचा सगळा हिशोब कमकुवत टायर धरून करायचा.

चौथी: काटा

सगळ्यात जास्त टाळली जाणारी आणि सगळ्यात जास्त कामाची तपासणी हीच. ऊसवाल्यांना काटा तर रोजच लागतो. पण कारखान्याच्या पावतीवर एकूण भरलेलं, रिकामं आणि निव्वळ वजन असतं. कुठल्या चाकावर किती पडलं हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एकदा, फक्त एकदा, खाजगी वजनकाट्यावर वेगळं वजन करून घ्या. ट्रॉली नेहमी भरता तेवढीच भरा, मुद्दाम कमी भरून काटा करू नका.

दोन चाकी ट्रॉली असेल तर ट्रॅक्टर काट्याच्या पुढे काढून उभा करा आणि फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर ठेवा. हूक सोडायचा नाही, कारण चालताना ट्रॉलीचं काही वजन हुकावरून ट्रॅक्टरवर जातं आणि ते तसंच राहायला हवं. आलेला आकडा दोननं भागा. चार चाकी असेल तर आधी फक्त पुढचा आस काट्यावर घ्या, मग पूर्ण ट्रॉली घ्या. वजाबाकी केली की मागच्या आसाचं वजन मिळतं.

समजा पुढच्या आसावर ३,७०० आले आणि पूर्ण ट्रॉली ८,३०० भरली. म्हणजे मागच्या आसावर ४,६०० आणि एका चाकावर २,३०० किलो. टायरवर १३५ लिहिलंय, म्हणजे मर्यादा २,१८०. माल अगदी मध्यावर भरला असला तरी एका चाकावर १२० किलो जास्त आहेत. आणि तो मध्यावर कधीच नसतो. मोळ्या रचताना तोडणीची टोळी ज्या बाजूनं चढते ती बाजू जड होते. आपण रस्त्याच्या डाव्या अंगानं चालतो, रस्त्याचा उतार कडेकडे असतो, त्यामुळे भार आणखी डावीकडे झुकतो. वर डाव्या कडेचे खड्डे आणि तुटलेली साइडपट्टी. डावा मागचाच टायर का जातो याचं उत्तर इथे आहे. काट्याच्या भोवती जमीन सपाट असेल तर काटेवाल्याला सांगून फक्त डावी चाकं वर घेता येतात, फरक लगेच दिसतो.

असा आकडा आला तर हवा वाढवून भागत नाही. छापलेल्या आकड्याच्या वर दाब नेला म्हणजे टायर जास्त वजन उचलतो, असं नाही. उलट तो दगडावर, खड्ड्यावर आपटून फुटायला सोपा होतो, आणि डिस्कवरही ताण येतो. माल कमी करायचा, किंवा मोळ्या पुढे सरकवून भार दोन्ही आसांवर वाटायचा. माझं मत विचाराल तर टायरच्या मर्यादेपेक्षा दहा टक्के खाली राहावं. वरच्या उदाहरणात म्हणजे मागच्या आसावर चार टनांच्या आत. आरसी बुकावरचं भरलेलं वजनही त्याच वेळी ताडून बघा. ते त्याहून कमी असेल तर तेच शेवटचं.

मग हवा किती?

ट्रॉली टायरच्या मर्यादेच्या जवळ भरत असाल, आणि ऊसवाले जवळपास सगळेच भरतात, तर गालावर छापलेला पूर्ण गार दाब. त्यात घासाघीस नको. एका आसावरच्या दोन्ही चाकांत सारखा दाब, आणि तो जड बाजू धरून. वजन मर्यादेपेक्षा बरंच कमी असेल तर टायर कंपनीचा वजन-दाबाचा तक्ता डीलरकडे मागा आणि त्यातला आकडा घ्या. अंदाजानं कमी करू नका.

हा प्रश्न आषाढात येतो. हंगाम संपल्यावर तीच ट्रॉली दिंडीबरोबर जाते. तंबू, भांडी, शिधा, पाण्याची टाकी असं सामान घेऊन लोणंद, फलटणच्या वाटेनं. उसाच्या निम्म्यानंही वजन नसतं. उसाच्या हवेवर ती ट्रॉली उड्या मारते, सामान आदळतं, नक्षीचा मधला पट्टा घासतो. तेव्हा तक्त्याप्रमाणे दाब उतरवणं योग्य आहे. पण दिवाळीच्या आसपास ट्रॉली परत फडात जायच्या आधी तो पुन्हा चढवायचा, हे दारावर खडूनं लिहून ठेवा.

फडातून ट्रॉली निघत नाही म्हणून हवा सोडणारेही आहेत. टायर पसरतो, पकड मिळते, ट्रॉली निघते, हे खरं. पण डांबरी रस्त्याला लागल्यावर तिथे कॉम्प्रेसर नसतो. मग त्याच हवेवर कारखाना गाठला जातो. त्यापेक्षा दुसरा ट्रॅक्टर जोडून ओढा.

कमी हवेत नेमकं काय होतं ते टायर खोलल्यावर दिसतं. लोखंडी तार एकाच जागी वाकवत राहिलं की ती जागा हाताला गरम लागते, तसा दबलेला गाल चाकाच्या दर फेऱ्याला वाकतो आणि तापतो. रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटायला लागतात. असा टायर डिस्कवरून उतरवून आत हात फिरवला की बोटांना काळी भुकटी लागते, काजळीसारखी बारीक. ते आतलं घासलेलं रबर असतं. बाहेरून टायर नव्यासारखा दिसत असला तरी भुकटी निघाली की तो माल वाहायच्या कामाचा राहिला नाही, असं आम्ही सरळ सांगतो.

पाचवी: हब आणि टायर, तापलंय कोण?

हवा बरोबर, वजन बरोबर, तरीही एकच चाक तापतं. मग भरलेली ट्रॉली आठ-दहा किलोमीटर चालवून सुरक्षित जागी थांबवा आणि हाताची मागची बाजू आधी हबजवळ, मग टायरच्या गालाजवळ न्या. चिकटवू नका, हब भाजण्याइतका तापलेला असू शकतो. हब तापलाय आणि टायर त्यामानानं गार, तर बेअरिंग, ग्रीस किंवा ब्रेक असेल तर तो चिकटलाय. हब गार आणि टायर तापलाय, तर परत गेज आणि काट्याकडे जा, कुठेतरी आकडा चुकलाय.

रिकामी ट्रॉली सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड लावून जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड झाली तर बेअरिंग ढिलं आहे. फिरवताना डगमगलं तर डिस्क वाकली आहे.

सहावी: टायर खोलणं

हे टायरवाल्याकडेच. पण तो खोलेल तेव्हा समोर उभे राहा. ट्यूबला घडी पडलीय का, फ्लॅप (ट्यूब आणि डिस्कच्या मधली रबरी पट्टी) फाटलाय का, आत खडा किंवा बाभळीचा काटा राहिलाय का, हे स्वतः बघा. उसाच्या बुडख्यांकडे आपल्याकडे लक्ष जात नाही. कोयत्यानं तिरकं तोडलेलं बुडखं वाळलं की टोकदार खुंटा होतो. तो नक्षीच्या खाचेत घुसून मोडतो आणि तिथेच राहतो, बाहेरून मातीनं झाकलेला. दर चक्राला थोडा थोडा आत जातो. पंक्चर काढून आठवड्यात तिथेच पंक्चर होत असेल तर तो खुंटा अजून आत आहे.

नवा टायर टाकताना जुनी ट्यूब घालू नका. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते.

इथे थांबा

खाली दिलेलं काहीही दिसलं तर स्वतः काही करू नका, जाणत्या टायरवाल्याला किंवा फॅब्रिकेटरला बोलवा.

गालावर फुगा आलाय किंवा चिरेतून धागे, तार दिसतेय.

टायर सांगितलेल्या दाबापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त कमी हवेवर चालला आहे. अशा टायरमध्ये रस्त्याच्या कडेला सरळ हवा भरू नका. आतले धागे तुटलेले असतील तर हवा भरतानाच गाल फाटतो, आणि त्या धक्क्यात माणसं दगावतात. आधी खोलून बघणं, मगच हवा.

डिस्कला लॉक रिंग (टायर जागेवर धरणारी सुटी लोखंडी कडी) आहे. ती रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना गोळीसारखी सुटते. हे काम जाळीच्या पिंजऱ्यात, लांब पाइपनं, चाकाच्या समोर न उभं राहता करायचं असतं.

डिस्कला तडा गेलाय. टायर चढवलेला असताना डिस्कला वेल्डिंग कधीही, अगदी हवा सोडलेली असली तरी, करायचं नाही. आतलं रबर तापून वायू होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. वेल्डिंगवाला "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणाला तरी चाक त्याच्या हातात देऊ नका. तडा गेलेली डिस्क बदलायची असते.

आस वाकलाय किंवा स्प्रिंगचा पाटा तुटलाय.

दुकानात येताना तीन गोष्टी बरोबर आणा: काट्याची आसवार पावती, गार टायरमध्ये शेवटचा मोजलेला दाब, आणि फाटलेली जुनी ट्यूब. ट्यूब फेकून देऊ नका. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर टायर सरकला होता. डिस्कच्या बाजूला फाटली असेल तर फ्लॅप किंवा गंज. गालाच्या रेषेत लांब चिरली असेल तर कमी हवेवर चाललाय. एका जागी बारीक भोक असेल तर काटा किंवा खुंटा, आणि ट्यूब टायरवर ठेवून व्हॉल्व्हपासून अंतर मोजलं की तो टायरमध्ये कुठे बसलाय ते पाच मिनिटांत सापडतं.